मेनूकार्डाबाहेरचं ताट

मेनूकार्ड सहा पानांचं होतं. पनीरचे दहा प्रकार, दोन पानं चायनीज आणि शेवटी 'व्हेज कोल्हापुरी'. नवेगावबांधच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर बसून मी कोल्हापूरचं नाव वाचत होतो. येताना रिसॉर्टच्या फाटकाबाहेर एक बाई पोत्यावर उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग मांडून बसलेली दिसली होती. काळेकुट्ट, शिंगं उगारलेले शिंगाडे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. हलके धान पिवळे पडून बांध्यांमध्ये कापणी सुरू झाली होती. आतल्या सहा पानांत मात्र यातलं काहीच नव्हतं.

वाढायला आलेल्या मुलाला विचारलं, "इथलं काही मिळेल का?"

"इथलंच हाये सगळं, साहेब. किचनमध्येच बनते."

"तसं नाही. तुम्ही लोक काय जेवता?"

तो हसला. "आमचं काय! स्टाफचं जेवन."

पुढचे दोन दिवस मी स्टाफचं जेवण जेवलो. स्वयंपाकघरात एक मावशी होत्या. पाहुण्यांसाठी त्या ग्रेव्ही करत आणि स्टाफसाठी जेवण. पहिल्या दिवशी त्यांनी संकोचानेच ताट पुढे केलं: वाफाळता भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांची भाजी. शेजारच्या वाटीत त्यांनी घरून आणलेला मोहफुलांचा लाडू. "तुमाले नाई आवडनार," असं म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आवडतं का ते बघायला.

या ताटातल्या एकेका पदार्थाचा माग काढत गेलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जवळपास प्रत्येकाच्या मागे एखादा कायदा उभा होता. कुणाच्या मागे बंदी, कुणाच्या मागे लिलाव, कुणाच्या मागे जप्ती. चवीचा इतिहास शोधायला निघालेला माणूस इथे थेट सरकारी दप्तरात पोचतो.

पाणी कुणाचं?

सुरुवात शिंगाड्यापासून करू, कारण तो थेट तलावातून येतो, आणि तलाव ही इथली सगळ्यात जुनी भांडवली गुंतवणूक आहे.

नवेगावबांध हा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला विस्तीर्ण तलाव. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचं सांगतात. आजूबाजूच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. बांध बांधायला या सात बहिणींनीच हातभार लावला, अशी कथा आहे. बांधणाऱ्याचा पुढे देव झाला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कोलासुर म्हणून त्याची पूजा होते. अभियंत्याला देवपद देणारी गावं महाराष्ट्रात फार नसावीत.

कोहळी समाज मूळचा बनारसकडचा आणि चांद्याच्या गोंड राजाने त्यांना तिकडून आणलं, अशी परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात नोंदवली आहे. तलावाची जागा अचूक हेरणं ही त्यांची ख्याती. उतार कुठे अडवायचा, पाळ किती लांब घालायची, पाणी कोणत्या बांधीपर्यंत पोचेल, हे ते नजरेने ठरवत. तलाव भरला की तुडूम उघडायचं, म्हणजे पाळीतला पाणी सोडायचा दरवाजा. खाली धान आणि ऊस. ऊस हे कोहळ्यांचं आवडतं पीक. आज सहकारी साखर कारखान्यांमुळे ऊस म्हटला की आपल्याला पश्चिम महाराष्ट्र आठवतो, पण झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, तलावांखाली त्याच्या कितीतरी आधीपासून गूळ शिजत होता.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता; तिथे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. कागदोपत्री त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. लोकांनी त्याचं 'मामा तलाव' करून टाकलं. नाव लाडकं झालं, पण गाळ काढणारे हात कमी झाले. पूर्वी पाळ फुटली तर अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं, कारण पाणी कुणाचं हा प्रश्न नव्हता. आता पाणी एका खात्याचं, मासळी दुसऱ्याच्या ठेक्याची आणि काठ तिसऱ्याचा. मध्ये बेशरमाची झुडपं माजली आहेत. बेशरम हे त्या वनस्पतीचं इथलं नेहमीचं नाव आहे, टीका नव्हे.

शिंगाडा या सगळ्यातून तगला तो ढिवर या मासेमार समाजामुळे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते तलावातल्या चिखलात रोपं पायाने दाबून लावतात. पानं पाण्यावर चकत्यांसारखी पसरतात आणि फळ खाली, पाण्यात वाढतं. तोडणी भाद्रपदानंतर सुरू होते आणि थंडी पडली तरी चालू राहते. डोंग्यात ओणवं बसून किंवा छातीभर पाण्यात उभं राहून वेल उलटायचा, फळ खुडायचं, वेल परत पसरायचा. दर काही दिवसांनी पुन्हा तेच. काटा नखाखाली शिरला की आठवडाभर हात चालत नाही.

फाटकाबाहेरच्या बाईकडून मी अर्धा किलो घेतले. तिने एक सोलून दाखवला: बुडाला दाताने चीर, मग दोन्ही अंगठ्यांनी उघडायचा. आत पांढरा गर, रताळ्याहून कोरडा आणि कच्च्या नारळाहून मऊ. चवीला सौम्य गोड, मागाहून तलावाच्या मातीचा हलका वास. पुण्या-मुंबईत उपासाच्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खाताना हा वास कधी आला नव्हता. वाळवताना आणि दळताना तो बहुधा उडून जातो. त्याबरोबर पाण्यात उभा असलेला माणूसही.

तलाव आणखी एक धान्य देतो. देवधान. कुणी न पेरलेला हा रानतांदूळ तलावाच्या कडेने उगवतो. नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नाही अशा ऋषिपंचमीसारख्या व्रताला तो चालतो. दाणा पिकला की लगेच गळतो, म्हणून तो कापत नाहीत, ओंब्या झोडून गोळा करतात. मावशींनी मूठभर दाखवला. लालसर दाणा, टोकाला लांब कुसळ. "हा इकत नाई," त्या म्हणाल्या. "देवाचा हाये." सगळ्या ताटात मालकीचा वाद नसलेला हा एकच पदार्थ निघाला.

भात म्हणजे काय

इथे शेतात उभा असतो तो धान आणि ताटात येतो तो भात. देशावरचा पाहुणा दोन्हीला भात म्हणतो आणि इथला माणूस मनात हसतो. रोपं म्हणजे परे, लावणी म्हणजे रोवणी, बांध घातलेला तुकडा म्हणजे बांधी.

जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून वेगळा होऊन. पण गोंदिया शहर घडवलं ते धानाने आणि रेल्वेने. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रूळ गेले. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग हावड्याशी जोडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाईन निघाली. रूळ जिथे मिळतात तिथे गोदाम होतं आणि गोदामाशेजारी गिरणी. राईस मिलचा कोंड्याचा वास आजही स्टेशनबाहेर पडल्या पडल्या नाकात शिरतो.

जुन्या वाणांची नावं मावशींना तोंडपाठ होती: लुचई, चिन्नोर, हिरानक्की, काळी कमोद. चिन्नोर सुगंधी. सीमेपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही. मधल्या गोंदियात तो पाहुण्यांसाठी राखून शिजवतात. सुगंध काही नकाशा बघून थांबत नाही.

रोजच्या ताटातला तांदूळ बहुतेकदा एचएमटी. हे नाव ऐकून हा कुठल्या कारखान्यात तयार झाला असेल असं वाटतं. तो तयार झाला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यात, दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या बांधीत. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. त्या वेगळ्या ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं पेरल्या. दाणा बारीक, उतारा चांगला. व्यापाऱ्याने त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला देऊन टाकलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, देशभर नाव झालं, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही हलाखी सुटली नव्हती. तांदळाला घड्याळाचं नाव मिळालं. ज्याने तो निवडला त्याचं नाव पोत्यावर कुठेच नाही.

बंदी घातलेली डाळ

वरणाचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "ही तूर नाही ना?"

"लाखोरी हाये."

लाखोळी, लाखोरी, लाख. नावं तीन, दाणा एकच. चपटा, कोनेदार, पाचरीसारखा. तुरीपेक्षा शिजायला दाट आणि चवीला मातकट. तिची पेरणी मोठी गमतीची असते. धान कापायच्या पंधरवडाभर आधी, उभ्या पिकात, ओल्या चिखलावर बी फेकून द्यायचं. ना नांगर, ना खत. धान कापेपर्यंत खाली कोंब उभे राहतात आणि उरलेल्या ओलीवर पीक येतं. याला उतेरा म्हणतात. कोवळा पाला खुडून भाजी करतात, वाळवून ठेवतात, दाणे भरडून वडे करतात. गरिबाला फुकटात मिळणारं दुसरं पीक ते हेच.

आणि हेच पीक पांगळं करतं असा त्याच्यावर आरोप. तो खोटाही नाही. लाखोळीत एक विषारी घटक असतो. महिनोन् महिने फक्त तीच खाल्ली तर पायातली ताकद जाऊ शकते. सागर भागात दुष्काळाच्या दिवसांत अशी माणसं पाहिल्याचं इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. कारण उघड होतं. इतर पिकं करपली तरी लाखोळी उभी राहते, मग पोटाला दुसरं काही उरतच नाही. दोष डाळीचा जेवढा, तेवढाच रिकाम्या कणगीचा.

१९६१ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. तूरडाळीत आणि बेसनात व्यापारी ती मिसळत, हेही एक कारण. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले. भिजवून, उकळून, पाणी टाकून शिजवली आणि इतर अन्नासोबत खाल्ली तर ती निर्धोक आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे राज्यात बंदी सैल झाली. दरम्यान दिल्ली आणि रायपूरच्या संशोधकांनी 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे कमी विषाचे वाण काढले.

बंदीच्या त्या सगळ्या वर्षांत मावशींच्या घरी काय शिजत होतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. बंदी होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची आई डाळ रात्री भिजवून सकाळी पाणी फेकायची. "तिच्या मायनं सांगलं व्हतं." प्रयोगशाळेतलं निम्मं ज्ञान चुलीपाशी आधीच पोचलेलं होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे तीच ती सलग खाऊ नये, हे दुष्काळात कुणाच्याच हातात नसतं.

आता लाखोळीला बंदीहून मोठा शत्रू आहे तो उन्हाळी धान. धरणाचं पाणी मिळालं की शेतकरी दुसऱ्यांदा धानच लावतो. उतेऱ्याला जागा उरत नाही.

मोहाचं फूल आणि कलम २

चैत्रात पहाटे मोहाखाली जावं. फुलं झाडावर टिकत नाहीत. रात्रभर उमलून पहाटेपासून टपटप गळू लागतात. पिवळसर, रसाळ, बोटाच्या पेरापेक्षा लहान. बाया-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं आणि गुरंही येतात, अस्वलंही. अंगणात वाळवलं की त्याचं रूप मनुक्यासारखं होतं. मग वर्षभर लाडू, पुरण, भाकरी, उकळून आटवलेला पाक. नंतर येणाऱ्या फळांच्या बिया म्हणजे टोरी. त्यांचं तेल थंडीत थिजतं, ते खायलाही आणि अंगाला लावायलाही.

मावशींच्या लाडवात मोह, तीळ आणि गूळ होता. पहिल्यांदा मनुक्याची गोडी, मग धुरकट वास आणि शेवटी जिभेवर राहणारा किंचित कडसरपणा. शहरी जीभ तिथे थोडी थबकते. दुसरा घास घ्यावा लागतो.

आता कायदा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'वनोपज' कशाला म्हणायचं याची यादी आहे. काही वस्तू जंगलात सापडल्या तरच वनोपज. पण लाकूड, कोळसा, लाख यांच्यासोबत मोहाची फुलं आणि बिया ज्या गटात आहेत, त्या जंगलात सापडोत वा न सापडोत, वनोपजच. म्हणजे तुमच्या परसातल्या मोहाचं फूल तुमच्याच अंगणात पडलं, तरी कायद्याच्या भाषेत ते जंगलाचं. त्यावर दारूबंदीच्या कायद्याने साठा आणि वाहतुकीवर निर्बंध घातले. फुलातून दारू निघते, म्हणून फूलच संशयित. द्राक्षातूनही निघते, पण नाशिकच्या मनुकांच्या पोत्यावर कुणी छापा घातल्याचं ऐकिवात नाही. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे हे निर्बंध २०२१ मध्ये उठले.

चारोळीची कथा जवळपासचीच. बासुंदीवर पेरतो ती चारोळी म्हणजे चाराच्या फळाची बी. उन्हाळ्यात इथली मुलं जांभळट, आंबटगोड चारं खातात आणि बिया आई गोळा करते. मध्य भारतातल्या आठवडी बाजारांत एके काळी व्यापारी मापाला माप मीठ देऊन चारोळी नेत, असं जुनी माणसं सांगतात. दोन्ही वस्तूंचा भाव माहीत असलेला माणूस त्या व्यवहारात एकच होता.

पानाने खाल्लेलं फळ

टेंभराची, म्हणजे टेंभुर्णीच्या फळाची, चव सांगणं अवघड. चिकूचा दूरचा, रानात वाढलेला भाऊ म्हणावा. पिवळं कवच, आत चिकट गर, मोठ्या बिया. अर्धकच्चं खाल्लं तर तोंडाला असा तुरटपणा बसतो की बोलणं बंद. ऑक्टोबरात ते मिळत नाही. मावशींनी फक्त वर्णन केलं, आणि ते करताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

पण टेंभुर्णीची ओळख फळाने होत नाही, पानाने होते. त्या पानात विडी वळतात, आणि गोंदिया हे विडीचं गाव. विसाव्या शतकात इथे विडीचे मोठे कारखानदार उभे राहिले. मनोहरभाई पटेल त्यांतले. त्यांनीच १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. विडीच्या पैशातून कॉलेज उभं राहिलं, आणि त्या कॉलेजात विड्या वळणाऱ्यांची पोरं शिकली.

पानाचं गणित असं. उन्हाळ्याआधी झुडपं छाटायची म्हणजे नवी, लवचीक पालवी फुटते. मे महिन्यात पहाटे पानं खुडायची, दुपारी घरी ७० पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. असे १००० पुडे म्हणजे एक गोणी. सत्तर हजार पानं. छाटलेलं झुडूप पान देतं, फळ धरायला मोठं होत नाही. फळ हवं तर रानात आत, उंच झाडाकडे जावं लागतं. पानाला भाव आला आणि फळ मुलांपुरतं उरलं.

१९६९ च्या कायद्याने या व्यापाराचं नियंत्रण राज्याने घेतलं. त्या कायद्याच्या नावातच 'गौण वनोत्पादन' आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने याच गौण वनोपजाची मालकी गावांकडे देण्याची वाट उघडली आणि २०१३ च्या सुमारास गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपानांची, म्हणजे याच टेंभुर्णीच्या पानांची, विक्री स्वतः केली. ठेकेदाराशी दराची घासाघीस गावाने करायची, हिशोबाची वही गावात राहायची.

गौण हा शब्द मला दोन दिवस छळत राहिला. सागवानाचा ओंडका मुख्य आणि फूल, बी, पान, डिंक, मध गौण. ज्याने यादी केली तो लाकूड मोजायला आला होता, जेवायला नव्हे. गोंदिया या नावाची एक व्युत्पत्ती गोंड लोकांवरून सांगतात, दुसरी गोंद म्हणजे डिंकावरून. दुसरी खरी असेल तर अख्ख्या जिल्ह्याचं नावच एका गौण वस्तूवरून पडलं.

पाळीवर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीवर गेलो. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. 'नवेगावबांधचे दिवस' त्यांनी याच पाण्यावर लिहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. इथल्या रानाची ओळख महाराष्ट्राला करून दिली ती त्यांनी. आज पर्यटक येतात ते बहुतेक वाघासाठी. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आणि रिसॉर्टं त्याच्या मागोमाग आली.

याच तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, बंगाली निर्वासितांच्याही आहेत. कोहळी बनारसहून आले असतील तर तेही एके काळचे पाहुणेच. मोमो, मोहरीतली मासळी आणि लाखोळीचं वरण इथे काही मैलांच्या आत शिजतं. बाहेरचं काही नको, असा हट्ट या मातीने कधी केला नाही. प्रश्न पनीरचा नाही. पनीरने खुशाल यावं. पण आलेल्याला सहा पानं आणि घरच्याला एक ओळही नाही, हे बरं दिसत नाही.

निघताना काउंटरवर बिल मागितलं. मॅनेजरने दोन दिवसांचा खोलीचा आकार, चहा, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. जेवण चार वेळचं झालं होतं. त्याचं काय, म्हणून विचारलं. त्याने मशीनवर बोटं फिरवली, वर-खाली शोधलं आणि मान हलवली.

"सर, त्याला कोडच नाहीये."

कायद्याने ज्यांना इतकी नावं दिली होती, मादक, अपायकारक, गौण, त्यांना बिलात टाकायला एकही नाव नव्हतं. शेवटी त्याने चार वेळा 'व्हेज थाळी' असं टाकलं आणि पैसे घेतले. मी मावशींना भेटायला मागच्या दाराने गेलो. त्या पुढच्या ताटांसाठी पनीर कापत होत्या. त्यांनी पदराला हात पुसून कागदात गुंडाळलेले दोन लाडू दिले. मी पैसे पुढे केले, तर म्हणाल्या, "राहू द्या. घरचे हायेत."